कड्याचा फोटो

पुन्हा ठेच लागली तेव्हा धाकटी खडकावरच बसली. तिच्यामागून कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून येणारा दादा थांबला.

"लागलं का? म्हणून सांगत होतो, स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढ. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही. डोंगर काय टिपणार तू?"

अपघातात तिचा डावा डोळा गेल्यापासून तो हेच म्हणत होता. मायेनेच म्हणत होता, पण ते जास्त बोचायचं. आताही कड्याच्या मोठ्या छायाचित्राचं काम तिने त्याच्याकडून हट्टाने मागून घेतलं होतं. जमलं नाही, तर कॅमेरा कायमचा ठेवून देईन, असं कबूलही करून बसली होती.

ती उठली, गुडघा झटकला आणि चालू लागली.

वर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. समोरचा कडा इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट दिसत होता.

"घे चार फोटो आणि निघू," दादा म्हणाला.

"आत्ता नाही."

"अगं, कडा काय पळून जातोय?"

"कडा नाही, सावल्या यायच्यात."

दादाने कपाळावर हात मारला आणि झुडपाच्या आडोशाला ताणून दिली. ती मात्र जागची हलली नाही. पाण्याची बाटली संपली, मान अवघडली, तरी तिने कड्यावरची नजर काढली नाही.

ऊन कललं. उजेड कड्याला बाजूने घासून जाऊ लागला आणि दगड जागा झाला. भेगा काळ्या झाल्या, कपाऱ्या आत गेल्या, खरबरीत कण न् कण वर आला. ती झटकन पालथी पडली. चौकटीत अगदी पुढ्यात एक ओबडधोबड धोंडा घेतला, त्यामागे वाळलेलं गवत, मग धुरकट दरी आणि पार पलीकडे कडा. तिने श्वास रोखून बटण दाबलं.

स्टुडिओत परतल्यावर दादाने फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. नकळत त्याचं बोट धोंड्यावरून फिरलं. दरीपाशी येताच त्याने ते दचकून मागे घेतलं.

"एवढी खोली!" तो पुटपुटला. "एका डोळ्याने कसं जमलं गं तुला?"

धाकटी हसली.

"दादा, कॅमेऱ्याला तरी कुठे दोन असतात?"