जास्तीचा सुळका

"परत तोच सुळका!" गौरवी किंचाळलीच. आलेखात जिथं सपाट रेघ हवी, तिथंच तो उभा. आणि कालच्यापेक्षा उंच!

म्हणजे बघा, डिचोलीच्या त्या लॅबमधलं चुंबकाचं यंत्र पदार्थाच्या पोटातलं सगळं ओकायला लावतं. जराशी भेसळ असली की आलेखात सुळका उठलाच. गौरवीनं नव्या बॅटरीसाठी पातळ पापुद्रा बनवलेला. तो शुद्ध निघाला तर नोकरी पक्की. जागा एकच, उमेदवार दोन. दुसरा चोपड्याचा देवेश.

हा देवेश सारखा तिच्या टेबलाशी घुटमळायचा. "कसं चाललंय गो?" हसत विचारायचा. ह्याला कशाला पंचायत? गौरवीला पहिल्या दिवसापासून संशय. म्हणून पापुद्र्याची बाटली ती लॅबमध्ये ठेवायचीच नाही. रोज पर्समधून मयेला घरी न्यायची. आईला, सुमंगलाबाईंना, सांगायची, "त्या देवेशाचा डोळा आहे गो यावर." आई बाटली देवघरात ठेवायची. तिथं कोण हात लावणार?

सुळका मात्र पहिल्या तपासणीत नव्हता. नंतर उगवला, वाढतच गेला. म्हणजे हा दिवसाढवळ्या डाव साधतोय!

देवेश मागून वाकला. "गो, हे तेल वाटतं. खोबरेल."

"तुला बरं कळलं! घालणाऱ्यालाच कळणार!"

गौरवी तडक लॅबप्रमुख शिवदास सरांच्या खोलीत गेली आणि भडाभडा सगळं बोलली. देवेशला बोलावलं. त्याचा चेहरा पांढराफटक. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "चोर म्हणवून घ्यायला नाही आलो सर मी." मोटरसायकलला किक मारली आणि गेला. गेला तो गेलाच.

गौरवी नाचत घरी. "आई, देवेश गेला! सुटले मी!"

"पावलो गो देव!" आईनं हात जोडले. नेहमीसारखी बाटली घेतली, देवघरात गेली. आज गौरवीही मागोमाग गेली, पाया पडायला.

आईनं बाटलीचं झाकण उघडलं. समईतल्या खोबरेलात बोट बुडवलं आणि चकचकीत पापुद्र्यावर इवलासा ठिपका लावला.

"आई! हे काय करतेस?"

"रोजचंच गो बाय. दिष्ट लागू नये म्हणून." आईनं झाकण घट्ट लावलं. "बोट लावताना त्या देवेशाचंच नाव घेते."