खिडकीखालच्या दोन खुर्च्या

“तुला कोणी सांगितलं?” थोरल्या फादरांनी दबक्या आवाजात विचारलं.

धर्मशिक्षणाच्या बाईंनी दुसरी खुर्चीही खिडकीखाली आणून ठेवली आणि घाम पुसला. आज मुलांचं पहिलं कन्फेशन. नुकतेच बदली होऊन आलेले छोटे फादर ते ऐकणार होते. नेहमी ते कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत व्हायचं, दार लावून. बाईंनी यंदा ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उजेडात आणलं होतं. बाकांवर मुलांची कुजबुज चालली होती. एकाला सांगण्यासारखं पापच आठवेना, म्हणून त्याने शेजारच्याकडून एक उसनं घेतलं होतं.

“सांगायला कशाला हवं कोणी? माझ्या लक्षात आलं,” बाई म्हणाल्या. त्यांची भाची, चिमणी, सरावाला एकदा त्या खोलीत जाऊन आली होती. तेव्हापासून पुन्हा आत जायचं म्हटलं की रडून गोंधळ घालायची. पोर अंधाराला घाबरते, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. पण हे सगळं थोरल्या फादरांना सांगायची वेळच आली नाही.

थोरले फादर मटकन बाकावर बसले. “लक्षात आलंच आहे तर ऐक. छोट्या फादरांनी बिशपांसमोर बायबलवर हात ठेवून शब्द दिलाय, पुन्हा असं होणार नाही म्हणून. आधीच्या चर्चमधलं प्रकरण तिथेच मिटवलंय. त्या मुलीचे आईवडील गप्प बसले. तूही बस. बोभाटा झाला तर चर्चची अब्रू जाईल.”

याच माणसाने बाईंचा बाप्तिस्मा केला होता, लग्न लावलं होतं, नवरा गेला तेव्हा धीर दिला होता. छोट्या फादरांकडे मुलांना बिनधास्त सोपव, असंही यानेच सांगितलं होतं. आणि बाईंनी सोपवलं. फादरांपासून काही लपवायचं नाही, असं बजावून एकेकाला सरावासाठी आत पाठवलं. चिमणीला तर हाताला धरून नेलं.

त्यांनी वेदीवरच्या क्रुसाकडे पाहिलं. रोज यायचं तसंच मन भरून आलं. आजही यावं, याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

“येशूवर माझा जीव आहे, फादर,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावरही होता.”

“पोरी, निदान आजचा दिवस तरी निभावून ने.”

सगळ्या मुलांना उठवून बाई आवारात घेऊन आल्या आणि त्यांच्या आयांच्या ताब्यात दिलं. मग चिमणीला बाजूला नेलं आणि तिच्यासमोर खडीवरच गुडघे टेकले.

“माझं चुकलं, बाळा. मला वाटलं, तू अंधाराला घाबरतेस.”



“मी अंधाराला कधी घाबरले, मावशी?”