धडधड

दोघांच्या कातडीखाली बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चकत्यांमुळे न्यायाधीश मृण्मयीची भीती तिचा अंगरक्षक शार्दूल याच्या छातीत जशीच्या तशी उतरायची. कधीकाळी दोघांचं लग्न ठरलं होतं, पण आता तो तिला मॅडम म्हणायचा. तिला धमक्या कोण देतं, याचा पत्ता लागत नव्हता.

दुपारी तिचा नवरा अद्वैत सरबत घेऊन आला. ती हसली, आणि शार्दूलच्या छातीत इतकी धडधड उठली की त्याने भिंत धरली.

"पिऊन टाक," अद्वैत म्हणाला.

शार्दूलने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. "मृण्मयी, चल."

"तुमचं काम दाराबाहेर आहे," अद्वैत वाट अडवत म्हणाला.

शार्दूल त्याला बाजूला सारून तिला घेऊन निघाला. गाडीत ती पुटपुटली, "सांगायची हिंमतच होत नव्हती."

तिची भीती ओसरली, तरी त्याची छाती धडधडतच राहिली.