चोकला अडकवलेली चंची

जुनी पिकअप काळा धूर ओकत, गचके खात पुन्हा बंद पडली. इस्माईल मिस्त्रींनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, तरी गुण नाही. शेवटी त्यांनी स्टिअरिंगमागे बसलेल्या वत्सलेच्या बाजूच्या खिडकीतून आत पाहिलं. चोकच्या बटणाला पानाची चंची अडकवलेली होती.

“वहिनी, ही इथे कशाला?”

“आमचे हे ती तिथेच अडकवायचे. ते गेल्यापासून मी हलवली नाही.”

“आतल्या अडकित्त्याच्या वजनाने चोक ओढला जातोय. पेट्रोल जादा जातं.”

वत्सलेने चंची बटणावरून काढली. गाडी सुरू करताना ते चंची काढून तिच्या मांडीवर ठेवायचे. विडा हवा असेल, असं समजून ती लावून द्यायची. तेही हसून खायचे.

तिने चंची शेजारच्या सीटवर, आपल्या जुन्या जागी ठेवली आणि किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चालू लागलं. विडा लावायला आता तिचे हात मोकळे नव्हते.