हैबतीची झील

फोनवरच्या लाल खुणेवर गेनबाचं बोट चुकून पडलं आणि थोरल्या भावाची, हैबतीची झील, गोंधळात मागून धरलेली सुरांची साथ, पुसली गेली. घशाच्या ऑपरेशनआधी हैबतीनं ॲपात गाऊन ठेवलेला तेवढाच आवाज उरला होता. आता त्याच्या गळ्यातून हूं की चूं निघत नव्हतं.

“भावजी, गाणं का थांबलं?” वहिनीनं विचारलं.

उभा जन्म संबळ वाजवलेल्या हातांनी गेनबानं फोन डोळ्यांजवळ धरला. समोर बसलेला हैबती टक लावून बघत होता.

एवढ्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ आली. साठीनंतर वाचायला शिकलेला गेनबा एकेक अक्षर जुळवू लागला. वाचून होण्याआधीच ओळ गेली तर? ‘चुकून... पुसलं... का? परत... आणा.’

त्यानं बोट दाबलं. फोनमधल्या हैबतीनं झील धरली, समोरच्यानं मांडीवर ठेका.

गेनबानं गोंधळाचे सगळे देव नावानिशी बोलावले आणि शेवटी हाक दिली, “बोट चुकणार हे आधीच ओळखणाऱ्या ॲपवाल्या लेकरा, तूही गोंधळाला ये!”

“नाव काय हो त्याचं?” वहिनी हसली.

हैबतीनं कुंकवाची चिमूट घेतली आणि फोनला लावली.