मालकाचा एप्रन

"मालक कुठे आहेत?" बेकरीत पाऊल टाकताच कंपनीच्या तपासनीसाने विचारलं.

"बाजारात गेलेत, मैदा बघायला," पावाच्या ट्रेवरची नजर न उचलता मालकाची बायको म्हणाली. गल्ल्यावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मागच्या खेपेलाही बाजारातच होते."

"त्यांच्या पायाला भिंगरीच आहे, साहेब."

बेकरीची पाटी कंपनीची होती, पावाची चवही कंपनीचीच. ती चव जशीच्या तशी यावी म्हणून कंपनीने एक जाडजूड मॅन्युअल दिलं होतं. पीठ किती मळायचं, भट्टी किती तापवायची, गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, सगळं त्यात होतं. संसारात चुकलं तर चालतं, यात नाही, ही तिच्या नवऱ्याची नेहमीची थट्टा.

त्यातला एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. दुकान ज्याच्या नावावर, त्यानेच ते चालवायचं. नाहीतर कंपनी पाटी उतरवून नेणार. घर या भट्टीवरच चालत होतं, दुसरा आधार नव्हता. आणि तपासनीस पक्का खडूस. कुठल्याही दुकानात त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता.

त्याने पिठात बोट दाबून पाहिलं. भट्टीचं तापमान घेतलं, ट्रेच्या खालून हात फिरवला. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मग तो खुंट्यांकडे वळला.

नोकरांचे एप्रन पांढरे, मालकाचा निळा, हाही मॅन्युअलचाच नियम. ती स्वतः पांढराच घालायची. निळा खुंटीवर होता. छातीवर पीठ पुसल्याचा पंजा उमटलेला, खिशात चुरगळलेला रुमाल.

तपासनीसाने एप्रन काढून नाकाशी नेला.

"हा धुतलेला नाही."

तिचे हात थांबले.

"मॅन्युअल काय सांगतं, वहिनी?"

"एप्रन रोज धुवायचा."

"मग?"

"राहून गेलं."

"बाकीचे पांढरेशुभ्र आहेत. हाच कसा राहिला?"

इतका वेळ प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर तयार होतं. आता ती पुसलेलाच ट्रे पुन्हा पुसू लागली.

"माझा मुलगा जरा निष्काळजी आहे, साहेब," सासरे गल्ल्यावरून म्हणाले. त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

तपासनीसाने एप्रन पुन्हा त्याच खुंटीवर, होता तसा अडकवला. स्टुलावर बसून तो तपासणीचा कागद भरू लागला. ती जवळ जाऊन उभी राहिली. 'एप्रन' या शब्दापुढे त्याने 'स्वच्छ' लिहिलं. 'मालक' या शब्दापुढे लिहिलं, 'हजर'.

"साहेब, ते तर..."

"बाजारात गेलेत. सांगितलंत ना तुम्ही."

त्याने कागद घडी करून बॅगेत टाकला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"वहिनी, तो एप्रन धुऊ नका," तो म्हणाला. "माझी बायको वारली, तेव्हा लोकांचं ऐकून मी तिची शाल धुवायला टाकली. वास गेला तो गेलाच."