मुकी पट्टी

कीबोर्डची एक मुकी पट्टी. शेजाऱ्यांकडून उसना आणलेला स्पीकर. कंपनीचं नाव लिहिलेला केक. धाकट्या बहिणीचा लाडीगोडीचा आवाज, "दादा, सगळं बजेट केकनेच खाल्लं रे. पार्टीत तू वाजव ना! सगळ्यांशी ओळखही करून देते तुझी."

दादा आला. मुकी पट्टी शिताफीने चुकवत त्याने असं काही वाजवलं, की खुर्चीला चिकटलेले हिशेबनीससुद्धा नाचायला उठले. साहेब खूश. कीबोर्डशेजारी उभं राहून त्यांनी बहिणीला विचारलं, "काय मॅडम, एवढ्याशा बजेटमध्ये हा हिरा कुठून पैदा केलात? ओळखीतला का?"

हात न थांबवता दादाने मान वर केली. हसू तयारच होतं.

साहेबांची नजर त्याच्या झिजलेल्या चपलांवर गेली. मग तिचीही.

"छे हो सर, मी कशाला ओळखते? बाहेर असे पैशाला पासरी मिळतात. जेवू घातलं की झालं."

साहेब हसले. तीही हसली. दादाचं बोट त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मुक्या पट्टीवर पडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच्या शर्टाला सकाळी तिनेच इस्त्री केली होती, कॉलरला दोनदा.